वलय दिसते ते कुणाचे?

इंदुरात ‘आभामंडल’ हा शब्द कानावर पडायला फार लांब जावे लागत नाही. चातुर्मासातल्या प्रवचनात तो येतो, रंगचिकित्सेच्या पाटीवर दिसतो, आणि आरोग्य-अध्यात्माच्या एखाद्या मेळ्यात ‘ऑरा फोटो’च्या स्टॉलवर तर पैसे मोजून घरीही नेता येतो. धातूच्या पट्ट्यांवर दोन्ही पंजे टेकवायचे, समोरच्या कॅमेऱ्याकडे बघायचे, की थोड्या वेळात फोटो हातात. डोक्याभोवती जांभळट ढग, एका खांद्यावर हिरवा, छातीपाशी नारिंगी. मग स्टॉलवरची व्यक्ती गंभीर चेहऱ्याने अर्थ सांगते: जांभळा म्हणजे अध्यात्म, हिरवा म्हणजे प्रेमळपणा, आणि नारिंगी जरा कमी पडतोय, त्याकडे लक्ष द्या.

या कॅमेऱ्याचे प्रकरण लवकर मिटवता येते. अमेरिकेतल्या गाय कॉगिन्स यांनी बाजारात आणलेल्या या यंत्रातल्या पट्ट्या तळहाताच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजतात, आणि त्या आकड्यांवरून आधीच ठरवून ठेवलेले रंग चित्रावर चढतात. वाहकता मुख्यतः घामावर ठरते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी राजवाड्यापासून चालत आलेल्या माणसाचे अध्यात्म वेगळे आणि एसी गाडीतून उतरलेल्याचे वेगळे! त्याआधीच्या किर्लियन छायाचित्रांची गोष्टही तशीच. सेम्योन किर्लियन या रशियन तंत्रज्ञाने १९३९ साली उच्च दाबाच्या विजेने वस्तूभोवती दिसणारी झगमग फिल्मवर पकडली. ती झगमग खरी असते, पण ती हवेतल्या विद्युत विसर्जनाची. बोट ओले की कोरडे यावर ती बदलते. नाण्याभोवतीही ती छान येते.

यंत्र बाजूला ठेवले तरी माणूस उरतो. कसलाही स्टॉल न लावणारी, एक पैसाही न घेणारी एखादी व्यक्ती सहज सांगते की मला अमुक माणसाभोवती निळे दिसते, तमुक खोलीत आला की पिवळे. ती खोटे बोलत नसेल तर? या प्रश्नाला विज्ञानाकडे ‘सगळे थोतांड’ यापेक्षा बरेच चांगले उत्तर आहे. त्याचे नाव सिनेस्थेशिया.

२०१२ साली स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या हवाल्याने एक बातमी जगभर फिरली: वैदू आणि साधूंना दिसणाऱ्या ऑराचे शास्त्रीय स्पष्टीकरण सापडले. एमिलिओ गोमेझ मिलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाझा गावच्या एका प्रसिद्ध वैदूची तपासणी केली होती. त्याला माणसांचे चेहरे बघून रंग जाणवत, आणि दुसऱ्याला होणारा स्पर्श किंवा वेदना स्वतःच्या अंगावर जाणवे. संशोधकांच्या मते हे दोन्ही सिनेस्थेशियाचेच प्रकार. बातमी सुटसुटीत होती, श्रद्धाळू आणि चिकित्सक दोघांनाही आवडली, आणि अजूनही मोबाइलवर फिरत असते. गंमत अशी की याच गटाने त्याच वर्षी ‘कॉन्शसनेस अँड कॉग्निशन’ या नियतकालिकात छापलेला शोधनिबंध जवळजवळ उलटे सांगतो. माणसे पाहून रंग अनुभवणाऱ्या चार जणांची वर्णने त्यांनी घेतली, ती ऑरावरच्या ग्रंथांशी आणि त्या क्षेत्रातल्या जाणकारांच्या दाव्यांशी ताडून पाहिली, आणि निष्कर्ष काढला की या दोन गोष्टी अनुभवातही वेगळ्या आहेत आणि वागण्यातही. बातमी वाचली लाखोंनी, निबंध वाचला मूठभरांनी. मला स्वतःला निबंधाची बाजू जास्त पटते. पण ती का, हे कळायला आधी सिनेस्थेशिया नीट कळला पाहिजे.

एका इंद्रियाला किंवा एका कल्पनेला चेतवले की दुसरीच जाणीव आपोआप उमटणे, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. कुणाला ‘५’ हा आकडा काळ्या शाईत छापलेला असूनही हिरवा जाणवतो. कुणाला मंगळवार तपकिरी असतो. कुणाला तंबोऱ्याचा आवाज ऐकताना डोळ्यांपुढे आकार सरकतात, तर कुणाला एखादे नाव उच्चारले की तोंडात चव येते. यातले काहीही ती व्यक्ती ठरवून करत नाही आणि थांबवूही शकत नाही. १८१२ साली गेओर्ग झाक्स या जर्मन वैद्याने आपल्या प्रबंधात स्वतःच्या आणि बहिणीच्या वर्णहीन त्वचेबद्दल लिहिता लिहिता, अक्षरे, आकडे आणि स्वर आपल्याला रंगीत जाणवतात हेही नोंदवून ठेवले. आज सिनेस्थेशियाची पहिली स्पष्ट नोंद म्हणून तोच प्रबंध दाखवला जातो. पुढे १८८०च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन यांनी अशा लोकांची वर्णने गोळा केली आणि हे एकाच कुटुंबात अनेकांना असते, हेही त्यांच्या ध्यानात आले.

मग शंभर वर्षे बहुतेक शास्त्रज्ञांनी या विषयाला हातही लावला नाही. ‘मला पाच हिरवा दिसतो’ हे खरे की कल्पनाविलास, हे ओळखायचे कसे? १९८७ साली सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अगदी साधा उपाय काढला. शब्द आणि अक्षरांची लांबलचक यादी द्या, प्रत्येकाचा रंग विचारून लिहून घ्या, आणि पुढे कधीतरी न सांगता तीच यादी पुन्हा विचारा. १९९३ साली छापलेल्या त्यांच्या पाहणीत सिनेस्थेशिया असलेल्या व्यक्तींची उत्तरे वर्षभरानंतरही ९२ टक्के जुळली. इतरांना आधी सांगून ठेवूनही एका आठवड्यातच जेमतेम ३८ टक्के जुळवता आली. पाठ करून इतके जमत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी दुसरी युक्ती केली. कागदभर काळ्या शाईत ठोकळेबाज ‘5’ छापलेले आणि त्यांत मधेमधे काही ‘2’ पेरलेले. हे इंग्रजी आकडे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटावेत असे काढलेले, त्यामुळे तुम्हाआम्हाला ‘2’ शोधायला एकेक ओळ चाळावी लागते. ज्याला ‘2’ लाल आणि ‘5’ हिरवा जाणवतो, त्याला त्या गर्दीत लाल ठिपक्यांचा त्रिकोण चटकन उठून दिसतो. नंतरच्या प्रयोगशाळांना हा फायदा इतका ठसठशीत मिळाला नाही. आकडे खरेच रंगवले असते तर जेवढा वेग आला असता तेवढा येत नाही. तरीही हा विषय गप्पांमधून मोजमापात आला तो अशा प्रयोगांमुळे.

हे फार दुर्मीळ आहे असेही नाही. ज्युलिया सिम्नर यांच्या गटाने २००६ साली ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत, सगळे प्रकार धरून, सुमारे ४ टक्के लोकांना सिनेस्थेशिया असल्याचे आढळले. आकडे-अक्षरे रंगीत जाणवणारे साधारण १ टक्का. २०११च्या जनगणनेत इंदूर शहर जवळपास २० लाखांचे होते. तेच प्रमाण इथेही असेल, तर या शहरात २० हजार माणसे अशी आहेत ज्यांना आकडे रंगीत वाटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते सगळ्यांनाच वाटतात अशी समजूत आहे. कुणी विचारलेच नाही तर कळणार कसे?

मेंदूत काय घडत असावे याबद्दल दोन प्रमुख तर्क आहेत. कानाच्या मागे-खाली, मेंदूच्या तळाशी एक लांबट वळी असते. तिच्यात रंग ओळखणारा भाग, अक्षर-आकडे ओळखणारा भाग आणि चेहरे ओळखणारा भाग अगदी शेजारी-शेजारी वसलेले आहेत. बाळाच्या मेंदूत जोडण्या भरमसाट असतात आणि वाढत्या वयात नको त्या छाटल्या जातात. रामचंद्रन यांचे म्हणणे, काहींच्या बाबतीत ही छाटणी अपुरी राहते आणि शेजारघरांमधला दरवाजा उघडाच राहतो. दुसरा तर्क असा की जोडण्या सर्वांच्या सारख्याच असतात, फक्त वरून खाली येणाऱ्या संदेशांवरचा लगाम काहींच्या मेंदूत सैल असतो. २००७ साली ॲम्स्टरडॅममध्ये रोमके राऊ आणि स्टीव्हन स्कोल्ट यांनी घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमांत अशा लोकांच्या या भागात मज्जातंतूंचे दुवे अधिक दाट दिसले. पुढे २०१८ साली तीन कुटुंबांच्या जनुकीय अभ्यासात, मज्जातंतूंची वाढ घडवणाऱ्या जनुकांमधले दुर्मीळ बदल हाती लागले. वाद मिटलेला नाही, पण दोन्ही तर्कांत रंग तयार होतो तो बघणाऱ्याच्या कवटीच्या आत, आणि ऑराच्या प्रश्नात सगळी मेख इथेच आहे.

कारण आकड्याऐवजी माणूस ठेवून पाहा. २००४ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या जेमी वॉर्ड यांनी एका तरुणीचा अभ्यास छापला. तिला ओळखीच्या माणसांची नावे ऐकून आणि भावना दाखवणारे शब्द वाचून रंग दिसत. आवडत्या, सुखद गोष्टींना गुलाबी, नारिंगी, पिवळा, हिरवा. नकोशा गोष्टींना तपकिरी, राखाडी, काळा. माणूस अनोळखी असेल तर फारसे काही नाही; ओळख वाढली, माया जडली की रंग येई. हीच बाई शंभर वर्षांपूर्वी एखाद्या अध्यात्ममंडळात असती, तर तिला दिव्यदृष्टी आहे असेच लोकांनी ठरवले असते. तिला स्वतःला मात्र आपल्यात गूढ काही आहे असे वाटत नव्हते.

२०१२ सालीच रामचंद्रन यांच्या गटाने आणखी एक विलक्षण माणूस वर्णिला. तरुण, सौम्य अ‍ॅस्पर्जर असलेला, म्हणजे इतरांच्या भावना ओळखणे मुळात अवघड. लहानपणी आईने त्याला एक सवय लावली: भावनांची नावे सापडत नसतील तर त्यांना रंग दे. पुढे त्याला लोकांच्या चेहऱ्याभोवती खरोखरच रंगीत वलये दिसू लागली. हे तपासले कसे पाहा. समोर पांढऱ्या पडद्यापाशी एक माणूस उभा केला. त्याच्याभोवती या तरुणाला जो रंग दिसत होता, त्याच रंगाची अक्षरे पडद्यावर वलयाच्या हद्दीत टाकली. ती ओळखायला त्याला जास्त वेळ लागला. हिरव्या पानावर हिरवा किडा लवकर दिसत नाही, तसे. वलयाच्या बाहेर किंवा वेगळ्या रंगात हीच अडचण येत नव्हती. म्हणजे वलय हे नुसते बोलणे नव्हते. त्याच्या दृष्टीत ते जागा अडवून बसले होते.

एवढे झाल्यावर ‘बघा, ऑरा सिद्ध झाला’ म्हणायचा मोह अनेकांना होतो. पण या प्रयोगाने सिद्ध झाले ते बघणाऱ्याबद्दल. पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसातून काही निघत होते, असे त्यात कुठेच नाही. दुसरा सिनेस्थेशियावाला तिथे आणला असता तर त्याला वेगळाच रंग दिसला असता, किंवा काहीच नाही.

ग्रानादाच्या निबंधातला फरक मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. सिनेस्थेशियाचे रंग खासगी असतात. त्यांचा कोश छापता येत नाही. माझा ‘५’ हिरवा, तुमचा किरमिजी, आणि दोघांपैकी कुणीच चूक नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन हे दोन रशियन संगीतकार दोघेही स्वरांना रंग असतात म्हणायचे. पण ‘सी मेजर’ पहिल्याला पांढरी, दुसऱ्याला लाल. ऑराची पुस्तके नेमके उलटे करतात. त्यात रंगांचा तक्ता असतो आणि तो सर्वांना सारखा लागू असतो. थिऑसॉफिकल सोसायटीच्या ॲनी बेझंट आणि चार्ल्स लेडबीटर यांच्या ‘थॉट-फॉर्म्स’मध्ये पंचवीस रंगांची अशी सूची आहे: कुठली छटा म्हणजे भक्ती, कुठली म्हणजे मत्सर, कुठली म्हणजे स्वार्थी प्रेम. आजच्या स्टॉलवरचा तक्ता त्याच घराण्यातला आहे. स्क्रियाबिनवरही थिऑसॉफीचा मोठा पगडा होता, आणि त्याचे रंग-स्वरांचे कोष्टक इतके शिस्तशीर, स्वरांच्या क्रमाने एकेक रंग पुढे सरकणारे आहे, की तो मुळात सिनेस्थेशियावाला होता की नाही याचीच अभ्यासकांना शंका येते. खरा सिनेस्थेशिया असा टापटिपीचा नसतो. त्यात सोमवार पिवळा, मंगळवार पिवळट करडा आणि बुधवारला रंगच नाही, असला गबाळेपणा असतो.

आपल्याकडच्या परंपरेकडेही याच चष्म्यातून बघता येते, आणि इंदूर त्यासाठी सोयीची जागा आहे. इतवारिया बाजारात सर सेठ हुकुमचंद यांनी बांधलेले काच मंदिर आहे, शहरात जैन समाज मोठा आहे, आणि जैन तत्त्वज्ञानात जिवाच्या भावांना रंग देणारा लेश्यांचा विचार पूर्वापार आहे. कृष्ण, नील, कापोत, तेजो, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या. पहिल्या तीन मलिन, शेवटच्या तीन उत्तरोत्तर निर्मळ. त्या समजावणारे जांभळाच्या झाडाचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. सहा भुकेले वाटसरू. एकाला झाड मुळासकट उपटायचे आहे, दुसऱ्याला खोड तोडायचे, तिसऱ्याला फांदी, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली जांभळे खुडायची आहेत, आणि सहावा खाली पडलेली वेचतो. ‘गोम्मटसार’ या दहाव्या शतकाच्या आसपासच्या दिगंबर ग्रंथात ही गोष्ट आहे.

श्वेतांबरांच्या ‘उत्तराध्ययन सूत्रा’चा चौतिसावा अध्याय तर याहून पुढे जातो. तिथे प्रत्येक लेश्येला रंगाबरोबर चव, वास आणि स्पर्शही आहे. कृष्ण लेश्या पावसाळी ढगासारखी, म्हशीच्या शिंगासारखी काळी, चवीला कडुनिंबाहून कडू. मलिन लेश्यांचा स्पर्श करवतीहून, गाईच्या जिभेहून, सागाच्या पानाहून खरखरीत. शुक्ल लेश्या शंखासारखी, कुंदाच्या फुलासारखी. चवीला खजूर, द्राक्षे, दूध यांच्याहून गोड. माळव्यातल्या सागाच्या पानावर ज्याने कधी हात फिरवला आहे, त्याला ही उपमा लगेच लागते. इंद्रियांची इतकी सरमिसळ वाचून कुणालाही वाटेल की हा सिनेस्थेशियाच. मला तसे वाटत नाही. एका माणसाच्या मेंदूतल्या अपघाताने ही यादी झालेली नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कडू म्हणजे काय आणि खरखरीत म्हणजे काय हे ठाऊक आहे, या भरवशावर ती रचलेली आहे. ती नीतीची शिकवण आहे, नेत्रपरीक्षेचा अहवाल नव्हे. अलीकडे आचार्य महाप्रज्ञ यांनी ‘आभामंडल’ नावाचे पुस्तक लिहून लेश्यांची सांगड ऑराच्या आधुनिक कल्पनेशी घातली आणि प्रेक्षाध्यान या ध्यानपद्धतीत लेश्याध्यानाला जागा दिली. रंग मनात आणून शांत बसल्याने मन शांत होत असेल तर त्यात वावगे काही नाही. तेवढ्यावरून शरीरातून रंगीत प्रकाश फाकतो असे मात्र ठरत नाही.

हेच संगीताला लागू. ‘नारदीय शिक्षे’त षड्ज कमळाच्या पाकळीच्या कांतीचा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदासारखा पांढरा, पंचम काळा आणि निषाद सर्व रंगांचा. ‘नाट्यशास्त्रा’त हास्यरस पांढरा, रौद्र लाल, शृंगार श्यामवर्णी. माळवा शैलीची रागमाला चित्रे घ्या. त्यातला एक प्रसिद्ध संच माधोदास या चित्रकाराने १६८० साली नरसिंहगढला काढला असे मानतात. त्यातली बरीच पाने दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सपाट लाल, गडद निळा, काळी पार्श्वभूमी. रागमालेच्या संकेतांप्रमाणे तोडीपाशी हरणे, आसावरीपाशी साप, हिंदोल झोपाळ्यावर. पण देवासला किंवा इंदूरला कुणी तोडी आळवली की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप हरणे येतात असे नाही. तो संकेत आहे, शिकलेला आणि वाटून घेतलेला. आपले पेटीवालेही दिवसभर ‘काळी चार’ आणि ‘पांढरी पाच’ म्हणत असतात. त्यांना कुणी सिनेस्थेशिया झाला आहे का म्हणून विचारत नाही.

बरे, सिनेस्थेशिया नसलेल्या माणसालाही वलय दिसू शकते, आणि तेही अगदी हुकमी. एखाद्याला लालभडक कुर्ता घालून पांढऱ्या भिंतीसमोर उभे करा. मंद, एकसारखा उजेड ठेवा. त्याच्या छातीवरच्या एका बटणावर नजर खिळवून तीस-चाळीस सेकंद पापणी शक्यतो न हलवता बघा. कुर्त्याच्या कडेने हिरवट-निळसर झालर उजळू लागेल. हिरवे कपडे असतील तर झालर गुलाबी. डोळ्यातल्या लाल रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकसारख्या बघण्याने थकतात. नजर मात्र आपल्या नकळत बारीक हलत असते, त्यामुळे थकलेल्या जागेवर पांढरी भिंत आली की तिथे विरुद्ध रंग उमटतो. ‘ऑरा बघायला शिका’ म्हणणाऱ्या पुस्तकांतल्या सूचना वाचल्या तर पांढरी भिंत, मंद प्रकाश, एकटक नजर हीच सामग्री सापडते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. वॉल्टर किल्नर यांनी १९११ साली ‘द ह्यूमन ॲटमॉस्फिअर’ या पुस्तकात डायसायनिन रंगद्रव्याच्या काचांमधून ऑरा दिसतो असे सांगितले. तिथेही गडद काचेने डोळा आधी थकवायचा आणि मग अंधूक उजेडात माणूस बघायचा, असाच प्रकार होता. ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा ऑरा मॅकबेथच्या भासमान खंजिराच्या पंक्तीला बसवला.

शरीरातून प्रकाश निघतच नाही का? निघतो. उष्णतेचा अवरक्त प्रकाश तर निघतोच, शिवाय पेशींतल्या रासायनिक क्रियांमुळे दृश्य प्रकाशही निघतो. २००९ साली जपानमधल्या मासाकी कोबायाशी यांच्या गटाने अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने, संपूर्ण अंधाऱ्या खोलीत, पाच तरुणांच्या शरीरावरचा हा उजेड टिपला. दुपारी चारच्या सुमारास तो सर्वाधिक, आणि धडापेक्षा चेहऱ्यावर जास्त. पण आपल्या डोळ्यांना दिसू शकेल त्याच्या हजारपट तो मंद. दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली बसून तो पाहिल्याचा दावा कुणी करत असेल, तर त्याने आधी दुपारी बारा वाजता आकाशातले तारे मोजून दाखवावेत.

दोन्ही बाजू तपासायला एक साधी कसोटी आहे. वलय खरोखर शरीराबाहेर चार-सहा बोटे पसरत असेल, तर माणूस दाराआड उभा राहिला तरी त्याची कड चौकटीबाहेर दिसली पाहिजे. सिनेस्थेशिया असेल तर चेहरा झाकला, कोण आहे ते कळले नाही, की रंगही गायब. आइसलँडमध्ये १९९७ साली अशाच पडद्यांआडच्या प्रयोगात ऑरा बघणाऱ्यांना अंदाजापलीकडे यश आले नाही. हातांना ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणवते म्हणणाऱ्या अमेरिकन उपचारकांची परीक्षा तर एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशातून उपचारकाने दोन्ही हात पुढे करायचे आणि एमिलीचा हात कुठल्या हातावर धरला आहे ते सांगायचे. २१ उपचारक, २८० प्रयत्न. बरोबर उत्तरे ४४ टक्के. नाणे उडवले असते तर जास्त गुण मिळाले असते. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती ११ वर्षांची होती.

तरी एक गोष्ट त्या बाझाच्या वैदूच्या आणि त्याच्यासारख्यांच्या बाजूने म्हटली पाहिजे. चेहऱ्यावरचा ताण, आवाजातला कंप, खांद्यांची ठेवण हे आपण सगळेच नकळत वाचतो. काहींच्या मेंदूत हे वाचन रंगाच्या रूपाने वर येत असेल, तर ‘तुमच्याभोवती आज करडे दिसतेय, काही काळजी आहे का?’ हा प्रश्न अचूक लागू शकतो. त्यात फसवणूक नाही. पण करडा रंग आला तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून आणि बघणाऱ्याच्या स्वभावातून. यकृताला सूज आहे, मूत्रपिंडात खडा आहे, अमुक माणसाशी लग्न करू नका, हे त्यातून कळत नाही. आणि जिथे हे सांगायला सुरुवात होते आणि सोबत खडा, यंत्र किंवा बारा बैठकांचे पॅकेज पुढे येते, तिथून निघून यावे.

घरातले मूल ‘आजी, तुझे नाव जांभळे आहे’ म्हणाले तर हसू नका, घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे त्याला कुठल्या बाबांकडे नेऊ नका. आकडे, वार, घरातल्यांची नावे घेऊन त्याचे रंग एका वहीत लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी न सांगता पुन्हा विचारा. जुळले तर त्याला सिनेस्थेशिया असण्याची बरीच शक्यता आहे. हा आजार नाही, त्यावर औषध नाही आणि लागतही नाही.

मोठेपणी अचानक दिसू लागलेल्या प्रकाशाची गोष्ट मात्र वेगळी. मज्जाविकारतज्ज्ञांच्या भाषेतही ‘ऑरा’ आहे: अर्धशिशीच्या आधी वीसेक मिनिटे नजरेसमोर सरकणाऱ्या चमकत्या वेड्यावाकड्या रेषा, किंवा फेफऱ्याच्या झटक्याआधीची विचित्र जाणीव. असे काही पहिल्यांदाच झाले तर डॉक्टरांना दाखवा. आणि माणसांभोवती नव्हे, तर बल्बभोवती किंवा रस्त्यावरच्या दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसत असतील, सोबत डोळा ठणकत असेल, डोके दुखून उलटीची भावना होत असेल, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.